पायाळूच्या डोक्याला लोखंड

मी कॅलिपर बोलतोय, अन् आज जरा रागातच बोलतोय. दोन वाकडे पाय अन् वर त्यांना जोडणारी एक रिबीट, एवढाच माझा देह. खेकड्याचे नुसते नांगे उरले तर कसं दिसेल, तसा मी दिसतो. पण माझ्या दोन पायांच्या मधी जे येतं त्याचं माप मी खरं सांगतो. खरं सांगणाऱ्याचे काय हाल होतात, ते ऐका.

माझा जन्म जालन्याचा. रामप्रसाद मिस्त्री आयटीआयत फिटरचं काम शिकत होते, तेव्हा त्यांच्या गुरुजींनी एक पोलादी पट्टी त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "यातून कॅलिपर काढ. दुकानातला आणून दाखवलास तर वर्गाबाहेर काढीन." आठ दिवस कानस चालली. मिस्त्रींच्या तळहाताची सालं निघाली, तेव्हा माझे पाय निघाले.

पुढं वीस-बावीस वर्षं मी जुन्या जालन्याच्या एका वर्कशॉपात, लेथच्या वर खिळ्याला टांगलेला होतो. यंत्रांचे शाफ्ट मोजायचे, रोलर मोजायचे. सुखाचे दिवस होते. शाफ्ट वाकडा निघाला की मिस्त्री म्हणायचे, "वाकडा हाय," अन् कारागीर निमूट त्याला परत लेथवर चढवायचा. शाफ्टला आज्जा नसतो. शाफ्टचं नाव गावात खराब होईल, असं कुणी म्हणत न्हाई.

मिस्त्रींची लेक अर्पिता फिजिओथेरपी शिकली. तीर्थपुरीच्या बाजूला एका लहान दवाखान्यात दर मंगळवारी बसायला लागली. दवाखान्याचं नाव मी घेत न्हाई. तिथं तिनं लेकरांची डोकी मोजायचं एक साधन मागितलं. मागणीचा कागद वर गेला तो गेलाच. एका रविवारी ती बापाला म्हणाली, "बाबा, तुमचा खिळ्यावरचा कॅलिपर द्या."

"कशाला गं? दवाखान्यात शाफ्ट फिरून राह्यलेत का?"

"लेकरांची डोकी मोजायची हायेत."

मिस्त्रींनी मला खाली काढलं. माझी टोकं कानसून गोल केली, पॉलिश पेपर मारला, अन् वर सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी चढवली. मग मला स्वतःच्या गालावर टेकवून बघितलं. टोचतो का, याची खात्री केली. त्या माणसानं मला दोनदा जन्म दिला, असं मी मानतो.

आता माझं काम काय, ते सांगतो. काही लेकरांच्या मानेचा एक स्नायू जन्मापासून आखडलेला असतो. कानामागून निघून गळ्याच्या हाडापर्यंत येतो, तो. डावा आखडला तर डोकं डाव्या खांद्याकडं कलतं अन् तोंड उजवीकडं वळतं. लेकरू झोपलं तरी उजवीकडंच तोंड करून झोपतं. कवटी कोवळी असते. भार एकाच जागी पडून मागची उजवी बाजू चपटी होत जाते, अन् आखडलेल्या बाजूचा चेहरा दुसऱ्या बाजूच्या मागं राहतो. लवकर दिसलं तर नुसत्या व्यायामानं सुटतं. उशीर झाला तर व्यायाम लांबतो. लईच उशीर झाला तर कापावं लागतं.

अन् हे दिसावं कसं? घराचा पाया आखताना गवंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी धरतो अन् मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरतो. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तर पाया बराबर. अर्पिता मला डोक्यावर तसंच धरते. डाव्या भुवईच्या टोकापासून मागं उजवीकडं, मग उजव्या भुवईच्या टोकापासून मागं डावीकडं. दोन मापांत जो फरक, तो रोगाचा पत्ता. मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही गालांवर.

दवाखान्यात माझ्या आधीपासून एक टेप आहे. पिवळी, गुळगुळीत, सगळ्यांची लाडकी. ती डोक्याभोवती गोल फिरून येते अन् सांगते, बराबर आहे. अहो, गोल डबा चेपला तरी त्याचा घेर तेवढाच भरतो! पण टेपवर कुणी संशय घेत न्हाई. ती कार्डावर लिहिली जाते. मी लिहिला जात न्हाई.

इंद्रायणीच्या कार्डावर टेपनं तीनदा "बराबर" लिहिलं होतं.

इंद्रायणी साडेतीन महिन्यांची होती. तिची आई अंजू तिला लसीच्या डोसासाठी घेऊन आल्ती. टेपचं काम झाल्यावर अंजू घुटमळत अर्पिताच्या टेबलाजवळ आली.

"मॅडम, ही एकाच बाजूला बघती. मी उजव्या बाजूनं पाजाया घेतलं का रडती. उषाबाई म्हणत्यात सवय लागली."

"उषाबाई कोण?"

"आमच्या शेजारच्या. लेकराला न्हाऊ घालत्यात. डोकं मागून चपटं दिसलं तर रोज तेल लावून दाबून राह्यल्यात. मोहरीची उशी बी केली."

अर्पितानं मला तळहातात धरून कोमट केलं. लोखंड गार लागतं म्हणून ती नेहमी तसं करते. मी मापलं, तिनं मला पट्टीवर धरून आकडा वाचला. डोक्याच्या दोन मापांत नऊ मिलिमीटरचा फरक. डावा गाल दोन मिलिमीटरनं आखूड. तिनं मानेवरून बोट फिरवलं, तर डावीकडं चिंचोक्याएवढी गाठ.

"डोकं दाबू नका," ती म्हणाली. "दुखणं डोक्यात न्हाई, मानेत आहे. जन्म कसा झाला?"

अंजूचा चेहरा एकदम उजळला. "पायाळू हाय! पाय आधी आले. सिझर झालं, पण पाय आधीच आले म्हणे."

अर्पितानं मान हलवली. पायाळू लेकरांत हा आजार जास्त सापडतो, हे तिला ठाऊक होतं. अशा लेकरांचे खुबेही कधी कधी नीट बसलेले नसतात, म्हणून खुब्यांची सोनोग्राफी करायला तिनं चिठ्ठी लिहून दिली. मग अंजूला व्यायाम शिकवले. डोकं उजव्या खांद्याकडं हळूच कलवायचं अन् हनुवटी डाव्या खांद्याकडं वळवायची. जागेपणी पालथं घालून खेळवायचं. खुळखुळा, हाक, उजेड, सगळं डावीकडून. "पुढच्या मंगळवारी या," असं बजावलं.

पुढचा मंगळवार आला. त्याच्या पुढचाही आला. सोनोग्राफीचा चांगला रिपोर्ट शेजारणीच्या हातून आला, पण लेकरू आलं न्हाई. पाच मंगळवार गेले तेव्हा अर्पितानं मला पर्समधी टाकलं अन् स्कूटी काढली.

गाव सात-आठ किलोमीटरवर. घराच्या ओसरीवर ही गर्दी! मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. तसं काही न्हवतं. तिथं दरबार भरला होता.

तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडं कुणाची कंबर भरली, मान लचकली, उसण भरली, तर पायाळू माणसाचा पाय लावतात. इंद्रायणीचे आज्जा धुळाजी यांनी सगळ्या शिवारात सांगून ठेवलं होतं की आपल्या घरात पायाळू आली. बिभीषण, म्हणजे पोरीचा बाप, अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. तिकडचे मोळ्या उचलणारे, कमरेतून वाकलेले लोक तो ट्रॅक्टरवर घालून आणायचा. कुणी नारळ आणायचं, कुणी झबलं.

पोत्यावर एक दांडगा माणूस पालथा पडला होता. धुळाजींनी इंद्रायणीला डाव्या हातावर आडवं घेतलं होतं. तिचं डोकं त्यांच्या कोपरात, तोंड त्यांच्या छातीकडं. उजव्या हातानं तिचा इवलासा पाय धरून ते त्या माणसाच्या कमरेवर टेकवत होते.

"सिझरचं पायाळू चालतं का हो, बाबा?" पालथ्यानं विचारलं.

"तुझ्या कमरेला काय दिसतं, दारातून आलं का खिडकीतून? गप पड!"

ओसरी हसली. धुळाजी नातीकडं बघून म्हणाले, "बघा, इतके लोक हायेत, पण माझी बाय माझ्याशिवाय कुणाकडं बघत न्हाई. लईच जीव हाय आज्ज्यावर."

मी पर्समधी तडफडलो! सगळ्या जगाच्या माना-कमरा सरळ करायला बसवलेलं लेकरू, अन् त्याच्या स्वतःच्या मानेकडं बघायला एकाला डोळे न्हवते. रोज चार-चार तास त्याच हातावर, त्याच बाजूला. व्यायामाच्या बरोब्बर उलटं.

अर्पितानं पायरीवरच सांगितलं, "आजोबा, हिची मान आखडलीय. व्यायाम थांबवून चालणार न्हाई."

धुळाजी उठून तिला आत घेऊन गेले. "बाई, चार माणसांत काय बोलून राह्यल्या? पोरीची जात हाय. वाकडी म्हणून एकदा नाव पडलं तर जन्मभर पुसत न्हाई."

"नाव पडू नये म्हणूनच आत्ता सांगते."

"अन् दुसरी गोष्ट. सुनबाई म्हणली, तुमी हिच्या डोक्याला लोखंड लावलं. पायाळूवर वीज येती, ठाऊक हाय का? अन् तुमी डोक्यालाच लोखंड लावता! आभाळाला निरोप धाडता का?"

अंजू चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "मामा, मी घरातल्या घरात नुसता व्यायाम..."

"तू गप गं. व्यायामानं लेकरू रडतं. रडणाऱ्या पायाळूचा गुण येत न्हाई."

मी लोखंड, हे खरं. पण त्या घरात विळी लोखंडाची, कोयता लोखंडाचा, पाळण्याची कडी लोखंडाची. वीज फक्त माझीच वाट बघत बसली होती होय? राग आला, पण करू काय? माझ्या पायांना चालता येत न्हाई. अर्पिता परत फिरली, अन् त्या दिवशी स्कूटीवर ती मोठ्यानं बोलत होती, एकटीच. काय बोलली ते मी सांगत न्हाई.

आणखी चार आठवडे गेले. मोठ्या माणसाचे चार आठवडे सुपारी कातरता कातरता जातात. लेकराच्या कवटीचे तसे नसतात. ती रोज वाढते, अन् ज्या बाजूला जागा मिळेल त्या बाजूला वाढते.

मग एका मंगळवारी सकाळी धुळाजी स्वतः दवाखान्यात आले. मागं अंजू, अंजूच्या कडेवर इंद्रायणी. धुळाजींचं डोकं डाव्या खांद्यावर पडलेलं, टोपी कानावर घसरलेली. मेंढीच्या मागं पळताना मान अशी लचकली की तीन दिवस सरळ होईना. नातीचा पाय लावला, सकाळ-संध्याकाळ लावला. गुण आला न्हाई.

पुढचं अंजूनं सांगितलं, हसू दाबत. आदल्या दिवशी धुळाजी नातीला घेऊन ओसरीवर बसले होते. उषाबाई तेलाची वाटी घेऊन आल्या अन् दारातच थबकल्या. "आगं बया! आज्जा अन् नात एकाच साच्यातून काढल्यागत! मान बी त्याच बाजूला!" लोक खदाखदा हसले. एक जण म्हणाला, "बाबा, तुमचं लचकलं तीन दिवसांचं. हिचं कधीचं?"

त्या रात्री धुळाजी जेवले न्हाईत म्हणे.

अर्पितानं त्यांच्या मानेला शेक दिला, मलम दिलं. ते उठेनात.

"बाई, माजं डोकं मोजा."

"तुमचं?"

"आधी माजं. वीज पडायची तर माज्यावर पडंल."

मी धुळाजींच्या डोक्यावर बसलो. दोन मापांत दोन मिलिमीटरचा फरक. "एवढा सगळ्यांचा असतो," अर्पिता म्हणाली. मग इंद्रायणी. तोवर ती सहा महिन्यांची झाली होती. नऊचे तेरा झाले होते. गालाचे दोनाचे चार.

"आकडे मला कळत न्हाईत," धुळाजी म्हणाले. "मला दिसंल असं दाखवा."

मग अर्पितानं जे केलं ते कुण्या पुस्तकात नसेल. तिनं मला लांबीच्या बाजूवर लावलं, उजव्या भुवईपासून मागं डावीकडं. माझे दोन्ही पाय टेकले. माझी रिबीट घट्ट आहे, एकदा लावलेलं माप मी हलू देत न्हाई. मग तसाच उचलून तिनं मला दुसऱ्या बाजूवर ठेवलं. पुढचा पाय कपाळाला टेकला. मागचा टेकेना. तो हवेत राहिला.

"मधी बोट घाला, आजोबा."

धुळाजींनी तर्जनी पुढं केली. माझ्या रबरी टोकाच्या अन् नातीच्या केसांच्या मधी ती सगळी मावली. मेंढरं राखून, फावडं धरून जाड झालेलं ते बोट. ते तिथंच थांबलं. इंद्रायणी माझा पाय धरायला बघत होती.

"एवढं चेपलं?"

"हो."

"बाई, ती माज्याकडंच बघायची. मला वाटायचं..."

अर्पिता खोटं बोलू शकली असती. पण ती मिस्त्रींची लेक. म्हणाली, "तुमच्याकडं बघायची, आजोबा. पण दुसरीकडं बघायचं म्हटलं तरी तिला बघता येत न्हवतं."

धुळाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आखडलेल्या मानेनं त्यांना खालीही बघता येईना, तर ते भिंतीकडं वळले. मग अंजूला म्हणाले, "अंजे, तुला शिकवलेलं ध्यानात हाय का?"

"हाय, मामा. तुमी भाकरीला बसले की चोरून करत व्हते. पण तेवढ्यानं काय व्हतं?"

ते ऐकून त्या म्हाताऱ्याला राग यावा, असं मला वाटलं. त्यांना आला न्हाई. ते म्हणाले, "आता माज्यासमोर कर."

पुढचे आठ महिने त्या घरानं कष्ट घेतले, हे मी कबूल करतो. पोरीनं डावीकडं बघावं म्हणून झोळीचं तोंड फिरवलं. उषाबाईंची मोहरी परत डब्यात गेली. धुळाजींनी नातीला उजव्या हातावर घ्यायची सवय केली; आयुष्यभराचा डावा हात सुटता सुटत न्हवता. लोक येऊन कण्हायचे, तर ते म्हणायचे, "थांबा, तिच्या व्यायामाचा टाइम हाय." पाय लावायचं मात्र सोडलं न्हाई. अजूनही लावतात. अन् आभाळ भरून आलं असेल त्या मंगळवारी आजही मला बाहेर काढू देत न्हाईत. खिडकीतून वर बघतात, मग म्हणतात, "आज टेपच लावा." माणसाची एक समजूत गेली म्हणून दुसरी जाते, असं समजू नका.

गेल्या मंगळवारी इंद्रायणी चौदा महिन्यांची होती. धुळाजींच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती. अंजू औषधाच्या खिडकीपाशी, पोरीच्या डाव्या अंगाला. तिनं तिथूनच हाक मारली, "इंदे!" अन् पोरीनं आज्ज्याच्या मिशा सोडल्या, मान वळवली. अर्धी न्हाई, अडखळत न्हाई. पुरी, खांद्यापर्यंत. धुळाजींकडं तिची पाठ झाली. तिच्या मागच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "बघ, बघ. आईकडं बघ."

मग माझी पाळी. डोक्यात पाच मिलिमीटरचा फरक. तो केसांखाली जाईल. गालावर तीन. अर्पितानं दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तीनच.

"हे जातील का?" अंजूनं विचारलं.

"थोडे जातील. सगळे जातीलच, असं सांगत न्हाई."

तुम्ही म्हणाल, तीन मिलिमीटर म्हणजे काय! ज्वारीच्या दाण्याएवढे. पण ते कुण्या शाफ्टवर न्हाईत, एका पोरीच्या तोंडावर आहेत. शाळेत फोटो काढताना फोटोवाला तिला म्हणेल, "मान सरळ कर." तिनं ती सरळच धरलेली असेल.

आता माझं सांगायचं. मी म्हातारा झालोय. रबर दर दोन महिन्यांनी बदलावं लागतं, रिबीट सैल व्हायला आलीय. गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी मला चिमटीत धरून विचारलं, "हे भंगार टेबलावर कशाला?" मी यादीत न्हाई, म्हणून मला खणात ठेवायला सांगून गेले. टेप टेबलावर आहे. मंगळवारी अर्पिता खण उघडते, बाकीचे सहा दिवस मी अंधारात.

तुम्हाला लोखंडाची भीती वाटत असेल तर मला लावू नका. डोळे लावा. लेकरू पालथं घाला अन् वरून त्याच्या डोक्याकडं बघा. दोन्ही कान एका रेषेत आहेत का बघा. दोन्ही बाजूंनी हाक मारा. एका बाजूला वळलंच न्हाई तर लाड म्हणू नका, सवय म्हणू नका, जीव लावतं म्हणू नका. त्याच आठवड्यात उचला अन् दाखवायला न्या.

इंद्रायणीच्या गालावरचे ते तीन मिलिमीटर मी मोजून दिले. तीनदा "बराबर" म्हणणाऱ्या टेपचे ते किती, ओसरीवर हसणाऱ्या लोकांचे किती, आभाळातल्या विजेचे किती, हे मला मोजता येत न्हाई. ते तुम्ही सांगा. मी ऐकतोय. खणात बसलो असलो तरी मला ऐकू येतं.